बेपत्ता माणसाचा पंचनामा

आज 11 नोव्हेंबर. काकींच्या खालच्या कुणग्यातलं गरवं भात काल कापून झालं. (घाटावरच्या मित्रांसाठी : कुणगा म्हणजे मेर घालून वेगळा केलेला भाताचा तुकडा.) यंदा परतीच्या पावसाने कापणी लांबवली. कापलेलं भात दोन उन्हं खाईल, मग भारे बांधून उडवी रचू. उडवीवर टाकायचं प्लास्टिक काकी आठ दिवस आधीच पडवीत काढून ठेवतात. दरवर्षी. आकाश निरभ्र असलं तरी.

नेहमी मी इथे तुडतुडा, करपा, काजूचा मोहोर असलं काहीतरी लिहितो. आज विषय वेगळा आहे, पण शेतीपासून तितका लांब नाही, वाचाल तर कळेल. काकींची परवानगी घेऊनच लिहितोय, नाव मात्र देत नाही.

2009 साली, याच तारखेला फयान वादळ आमच्या किनाऱ्यावरून वर गेलं. काका तेव्हा एका ट्रॉलरवर खलाशी होते. मालवण किनाऱ्यावर अशी घरं पुष्कळ आहेत, अर्धं पोट जमिनीवर आणि अर्धं दर्यावर. मृगाला पेरणी, मग लावणी, नारळी पौर्णिमा झाली की माणूस बोटीवर, आणि भात तयार झालं की चार-आठ दिवस रजा घेऊन कापणीला घरी. त्या वर्षी काका कापणीला आले होते. मळणी व्हायची होती, पण बोटीवरून निरोप आला म्हणून गेले. जाताना पडवीतून बोलले ते काकींना शब्द न शब्द पाठ आहे : "चार दिसात येतंय गो. तवसर उडवी झाकून ठेव."

वादळाचा हिशोब असा. 9 नोव्हेंबरला समुद्रात खाली दक्षिणेकडे कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं. 10 च्या रात्री त्याचं चक्रीवादळ बनलं आणि 11 च्या दुपारी ते अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागलं. वारा ताशी 85 किलोमीटरच्या आसपास. आजच्या मानाने हे मोठं वादळ नव्हे. 2021 च्या तौक्तेसमोर तर लहानच. पण त्याचा वेग बघा. वादळ म्हणून नाव पडल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत पुरता एक दिवससुद्धा नाही. आत गेलेल्या बोटीला परत यायला कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की संपायची, आणि लहान बोटींवर वायरलेस असेलच असं नव्हतं.

10 च्या रात्री इथे पावसाने उडवी भिजली, प्लास्टिक उडून माडावर गेलं. काकी आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा रात्रभर भारे पडवीत ओढत होते. मी मदतीला गेलो होतो, म्हणून मला ती रात्र माहीत आहे. दर्यावर कोण आहे याचा विचार त्या रात्री आमच्यापैकी कोणी बोलून दाखवला नाही. भात वाचवायचं, एवढंच डोक्यात.

बोट आली नाही. पुढच्या आठवड्यात किनाऱ्यावर निरनिराळ्या ठिकाणी फळ्या, बोये, जाळ्यांचे तुकडे लागले, त्यातलं कुठलं कोणाचं ते ओळखता येईना. काका मिळाले नाहीत. कागदावर शब्द आला : बेपत्ता.

या एका शब्दाबद्दलच आज लिहायचं आहे. वादळात किती माणसं गेली हा आकडा आपण वाचतो. त्या आकड्याच्या शेपटीला "आणि इतके बेपत्ता" असं असतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र चुलीत जातं आणि ती शेपटी विसरली जाते. आमच्या किनाऱ्यावरच्या आपत्तींचा इतिहास बघितला तर खरा मजकूर त्या शेपटीतच आहे असं माझं मत झालंय.

तारखेचा योगायोग बघा. 11 नोव्हेंबर 1927 ला याच कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' अशा दोन आगबोटी एकाच वादळात बुडाल्या. ज्या कंपनीला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, तिच्या. फयानही त्याच तारखेला. यात चमत्कार काही नाही. अरबी समुद्रात वादळं येण्याचे दोन मोसम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि दुसरा पाऊस परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिला मोसम आंब्याच्या शेवटच्या तोडणीवर येतो, दुसरा भाताच्या कापणीवर. आणि दोन्ही वेळेला बोटी दर्यावर असतात. ऐन पावसात नसतात म्हणून आपली माणसं वाचतात, पण या दोन फटींत सापडतात.

ऐन पावसातही सापडली आहेत. त्याच कंपनीची 'रामदास' 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि मुंबईपासून थोड्याच अंतरावर काशाच्या खडकाजवळ बुडाली. 600 हून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईला कळली ती पोहून आलेल्यांच्या तोंडून, तोवर दिवस कलला होता. जी वाचली त्यातली बरीच रेवसकडच्या कोळ्यांनी वाचवली. मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या त्यांच्या होड्या होत्या. माल समुद्रात ओतून त्यांनी माणसं भरून घेतली. आपत्ती व्यवस्थापन हा शब्द तेव्हा कोणाला माहीत नव्हता.

आता कायद्याकडे येतो. कंटाळू नका, हा भाग शेतकऱ्याच्या कामाचा आहे.

काका गेल्यावर पहिल्या वर्षी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी सोसायटीचं पीककर्ज आणि सातबाऱ्याचा प्रश्न आला. जमीन काकांच्या नावावर, घरही त्यांच्याच नावावर. वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला पाहिजे. दाखल्याला मृतदेह पाहिजे, नाहीतर न्यायालयाचा हुकूम. आणि हुकूम मागायला आधी सात वर्षं थांबलं पाहिजे. जो माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर लागली असती, अशांना सात वर्षं त्याची काही खबर नाही, तर तो मेला असं धरायचं. 1872 च्या भारतीय पुराव्याच्या कायद्याचं हे 108 कलम. 2024 च्या जुलैपासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, सात वर्षं तशीच राहिली.

ही सात वर्षं कुठून आली हे मी शोधलं तेव्हा मला हसू की रडू असं झालं. इंग्लंडमध्ये 1666 साली एक कायदा झाला. तिकडे जमिनी एखाद्या माणसाच्या हयातीच्या मुदतीवर कसायला देत, तो जिवंत तोवर जमीन कुळाकडे, तो गेला की मालकाकडे परत. पण तो माणूस समुद्रापार गेला आणि त्याचा पत्ताच नसला तर? मालक अडकून राहायचा. म्हणून ठरवलं की सात वर्षं खबर नसली तर मेला असं धरा. म्हणजे मूळ भानगड शेतजमीन आणि समुद्र याचीच! फक्त सोय जमीनमालकाची होती, घरच्या बाईची नव्हती. तेव्हा आमच्या इथे सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम चालू होतं, म्हणजे केवढी जुनी गोष्ट ते बघा. शिडाच्या जहाजाच्या काळात सात वर्षं ठीक असतील. ज्या वादळाचा दिवस, तास आणि वाट उपग्रहाने टिपली आहे, त्यात गेलेल्या माणसालाही तेच माप.

सरकारी मदतीचं गणितही याच दाव्याला बांधलेलं. आपत्तीत माणूस गेला तर 2015 च्या निकषांनी वारसाला 4 लाख, पण मृत्यूचं कारण सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करायला हवं. दुधाळ म्हैस मेली तर त्याच निकषांनी 30 हजार होते. तिचं धूड शेतात पडलेलं दिसतं, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, फोटो काढतात, पंचनामा होतो. वाहून गेलेल्या माणसाचा पंचनामा कशावर करणार? मी हे कडवटपणे म्हणत नाही, पंचनाम्याला आलेली माणसं चांगलीच असतात, चहा घेऊन आपल्याबरोबर हळहळतात. कागदात त्यासाठी रकाना नाही, एवढंच.

काकांची एक विमा पॉलिसी होती, लहानशी. काकींनी हप्ते भरायचं थांबवलं नाही. कोंबड्या विकल्या, एका वर्षी तर कुळीथ विकून हप्ता भरला. मी एकदा म्हटलं, काकी, आता कशाला? त्या म्हणाल्या, "हप्तो थांबवलंय तर तो गेलो असाच झाला मां?" पुढे वकिलांकडून कळलं की त्यांनी केलं तेच बरोबर होतं. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने एका विम्याच्या खटल्यात सांगितलंय की सात वर्षांनी माणूस मेला असं धरता येतं, पण तो नेमका कधी मेला हे आपोआप धरता येत नाही. म्हणजे मधल्या काळात हप्ते चुकले तर पॉलिसी बंद पडलेली, आणि हातात काही नाही. बेपत्ता माणसाच्या बायकोने सात वर्षं त्याचा हप्ता भरायचा! काकी भरत होत्या त्या आशेने. कायद्याने भरायचा होता तो वेगळ्याच कारणाने.

सात वर्षं 2016 च्या नोव्हेंबरला पुरी झाली. काकी दावा लावायला तयार नव्हत्या. अर्जात लिहायचं होतं की माझे पती मयत झाले आहेत असे घोषित व्हावे. "तो मेलो असा मी कसा लिवन देऊ रे?" या एका वाक्यापाशी आमचं वर्ष गेलं. मुलाला अठरा पुरी झाली होती, त्याने समजूत घातली.

आणि त्याच सुमाराला, 2017 च्या डिसेंबरात, ओखी वादळ आलं. ते केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळून उठलं आणि वर सरकलं. तिकडचे शेकडो मच्छीमार बेपत्ता म्हणून बातम्या येत होत्या, तिथल्या गावांत चर्चच्या आवारात बायका रडत बसलेल्या टीव्हीवर दिसत होत्या. 2 डिसेंबरला सांगण्यात आलं की 68 बोटी आणि 952 मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले आहेत. 66 बोटी केरळच्या, 2 तमिळनाडूच्या. देवगड बंदर भरून गेलं. काकी टीव्हीसमोरून उठल्या नाहीत. त्यांना एकच दिसत होतं : बेपत्ता म्हटलेली माणसं उभी आहेत, जेवतायत, हसतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाला सांगून टाकलं, थांबा.

मला वाटतं कायद्याची बाजूही इथेच समजून घ्यावी. त्या 952 जणांना कोणी घाईने मयत ठरवलं असतं तर? माणूस परत येतो, कधीकधी येतो. म्हणून थांबणं चूक नाही. किती थांबायचं, हा प्रश्न आहे. त्या 952 जणांचा पत्ता काही दिवसांतच लागला. आठ वर्षांनी नाही.

जमिनीवरच्या आपत्तीत आपण हे शिकलोय. 2013 ला उत्तराखंडात केदारनाथचा प्रलय झाला, हजारो यात्रेकरू बेपत्ता. तिथे सात वर्षं न थांबता चौकशी करून, जाहीर नोटीस देऊन, हरकती मागवून दाखले देण्याची वेगळी पद्धत ठरवली गेली. आपल्याकडे महाड तालुक्यात तळीयेला 22 जुलै 2021 ला दरड कोसळली. 53 मृतदेह मिळाले, 31 मिळाले नाहीत. गावकऱ्यांनीच शोध थांबवायला सांगितलं आणि त्या 31 जणांना मृत धरलं गेलं. खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीला 19 जुलै 2023 च्या रात्री तसंच झालं. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं त्या डोंगराखालीच राहिली. चार दिवसांनी शोध थांबला. वाईट निर्णय, पण घरच्यांना कागदासाठी सात वर्षं टांगून न ठेवणारा.

दरडीखाली कोण होतं हे गावाला माहीत असतं, घरटी माणसं मोजता येतात. समुद्रात ते सोपं नाही, मान्य. पण बोटीवर कोण चढलं याची यादी असेल तर? 2009 मध्ये काकांच्या बोटीवर नेमके किती खलाशी होते यावरच पहिले दोन महिने घोळ होता, कारण एक जण ऐनवेळी उतरला होता आणि दुसरा चढला होता. 26/11 नंतर ओळखपत्रं आली, नोंदी कडक झाल्या, आता बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायचं काम चाललंय. हे सगळं सुरक्षेसाठी म्हणून सांगितलं जातं. मला त्याचा दुसराही उपयोग दिसतो. दर्यावर गेलेल्या माणसाचा शेवटचा ठावठिकाणा कागदावर राहील.

पुढचं थोडक्यात. दावा 2018 मध्ये लागला, निकाल मिळाला, मृत्यूची नोंद झाली, 2019 च्या उन्हाळ्यात सातबाऱ्यावर काकींचं आणि मुलाचं नाव चढलं. आणि त्याच ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, क्यार वादळ. वादळ लांब समुद्रातच राहिलं, पण पावसाने भाताची माती केली. आडव्या पडलेल्या लोंब्यांना शेतातच कोंब आले. (कृषीच्या मित्रांसाठी टीप : ज्या जातींच्या बियाला सुप्तावस्था नाही त्या तीन-चार दिवस पाण्यात पडल्यावर सर्रास उगवल्या. काकींच्या वरच्या कुणग्यात जुनं गरवं बियाणं होतं, ते पुष्कळ वाचलं. यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.) 33 टक्क्यांच्या वर नुकसान, पंचनामा झाला. खरिपाला हेक्टरी 8 हजार जाहीर झाले होते, म्हणजे गुंठ्याला 80 रुपये. काकींचे बाधित 14 गुंठे. 1,120 रुपये. पण खातेदार म्हणून काकींचं स्वतःचं नाव ज्यावर आलं असा तो पहिला सरकारी कागद. नुकसानीच्या यादीत! त्यांनी ती यादी मला दाखवायला आणली होती.

2021 च्या मेमध्ये तौक्ते आलं. 16 तारखेला आमच्या घरांची कौलं पत्त्यासारखी उडत होती, माड कमरेतून मोडले. देवगडला आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या बोटी सुटून भरकटल्या आणि त्यावरचे खलाशी गेले. बोटी आत बंदरात होत्या, चार दिवस आधीपासून इशारे होते, सगळं शहाणपणाने केलेलं. तरी बोट राखायला माणूस बोटीवर ठेवावाच लागतो. इशारा वेळेवर पोचला तरी बोट, गुरं, छप्पर सोडून माणूस हलत नाही, कारण ते गेलं तर मागे काय राहतं हे त्याला पक्कं माहीत असतं. आम्ही 2009 च्या रात्री भारेच ओढत होतो ना.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बारा वर्षं पुरी झाली. कायद्याची सात, धर्माची बारा. बारा वर्षं खबर नसलेल्या माणसाचा दर्भाचा आणि पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, पालाशविधी म्हणतात. मुलाने किनाऱ्यावर विधी केला. आम्ही दहा-बारा जण होतो. पुतळा जळायला किती वेळ लागणार, वारा होता, दहा मिनिटांत झालं. परत आलो तेव्हा काकी पडवीत मळणीचं भात वारवत होत्या. कोणी काही बोललं नाही. हप्ते बंद होऊन, पॉलिसीचे पैसे येऊन तोवर दोन वर्षं झाली होती, त्या पैशातून त्यांनी विहिरीचा काठ बांधून घेतला होता.

आता कामाचं, कारण या पानावर लोक कामाचं वाचायला येतात. मी वकील नाही, काकींच्या दाव्यात जे मागितलं गेलं तेवढंच सांगतो. माणूस दर्यावर, पुरात, कुठेही बेपत्ता झाला तर पोलिसात मिसिंगची तक्रार त्याच आठवड्यात द्या आणि शिक्क्याची प्रत घरी ठेवा. काकींची तक्रार बोट जिथली तिथे नोंदली होती, प्रत हाती यायला दोन वर्षं गेली. बोटमालकाचा जबाब आणि खलाशांची यादी लेखी घ्या. बातमीची कात्रणं फेकू नका. विम्याचा हप्ता वकिलाला विचारल्याशिवाय थांबवू नका. घराच्या नोंदीवर दोघांचं नाव आत्ताच, दोघं धडधाकट असताना चढवून घ्या. तौक्तेनंतर काकींच्या छपराचा पंचनामा अडला तो यावर, कारण सातबारा झाला होता पण घर काकांच्याच नावावर राहिलं होतं. आणि पंचनाम्याला येणाऱ्या मित्रांनो, शेत कोणाच्या नावावर आहे हे तुम्ही लिहिताच, पण कसतंय कोण हेही शेरा म्हणून लिहा. पुढे कोणालातरी तो एक शेरा उपयोगी पडतो.

उद्या ऊन पडलं तर परवा उडवी. काकींनी आत्ता निरोप पाठवलाय की प्लास्टिकला दोन भोकं पडली आहेत, येताना चिकटपट्टी आण. आणतो म्हटलं.